चिनी तिरफळाचं तिखलं

मी केलेलं माशाचं जेवण जेवून सासूबाई ‘बरा झाला हा’ म्हणाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बांगड्याला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. माहेरी मासा पाहिला तो शेजाऱ्यांच्या काचेच्या टाकीत. मालवणच्या घरात सून म्हणून आले आणि मासळी धुण्यापासून ताटात वाढण्यापर्यंत सगळं सासूबाईंकडून शिकले. शिकवताना त्यांनी हातचं काही राखलं नाही, पण कौतुकही कधी वाया घालवलं नाही. आमसुलांना त्या सोला म्हणत. ‘सोला ज्यास्त पडली.’ ‘वाटप जाडा रवला.’ ‘बांगडो ढवळलंस कित्याक? तो काय वरण आसा?’

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आखातात, फुजैराला राहायला आल्या, आणि हा शिरस्ता इथेही चालू राहिला. मी कामावरून दमून यायचे, ओट्याशी उभी राहायचे, आणि एका घासात त्या माझी सगळी मेहनत निकालात काढायच्या. मला राग यायचा. मी काही मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. ‘मग उद्या तुम्हीच करा,’ असं मी फणकाऱ्यानं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्या खरंच करायच्या, आणि ते असं काही व्हायचं की मी भांडण विसरून दुसऱ्यांदा भात घ्यायचे.

‘बरा झाला हा’ म्हणाल्या, त्या दिवशीचा बांगडा शिळा होता. मासळीबाजारातल्या मल्याळी माणसानं, त्याच्या भाषेत बांगडा म्हणजे अयला, ‘अयला, फ्रेश, फ्रेश’ करत माझ्या गळ्यात मारला होता. नवऱ्यानं पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं. मुलीनं नाक दाबलं. सासूबाई मात्र खाली मान घालून जेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, बरा झाला हा. पाल चुकचुकली, पण मी मनाला समजावलं, आज माझ्यावर दया आली असेल.

त्याच आठवड्यात मी कामावरून परतले तर करपलेल्या दुधाचा वास लिफ्टच्या दारापर्यंत येऊन थांबला होता. आत स्वयंपाकघरात धूर. पातेल्याचा तळ काळा ठिक्कर, आणि शेजारीच टेबलाशी बसून सासूबाई शांतपणे लसूण सोलत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. आधी पातेल्याकडे, मग माझ्याकडे. हातातली पाकळी त्यांनी खाली ठेवली.

‘माका वास येणा नाय गो,’ त्या म्हणाल्या. ‘तो ताप येवन गेलो ना, तेवापासून.’

थंडीत आमच्या घरातून एक ताप फिरून गेला होता. आम्ही सगळेच आलटून पालटून झोपलो आणि उठलो. त्याही उठल्या, पण नाक मागे ठेवून. आणि हे त्यांनी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, सांगून काय वास परत येणार होता?

नाकाची महती मला कुणी समजावून सांगायला नको. मी बंदराजवळ, जहाजांच्या इंधनाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जहाजं समुद्रात नांगर टाकून उभी असतात, आणि त्यांना द्यायच्या काळ्या तेलाचे नमुने बाटल्यांतून आमच्या टेबलावर येतात. त्या तेलातून कधीकधी एक विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की हा वायू वाढला की तो आधी नाकच मारतो. वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका, तिथून निघा. हे वाक्य मी स्वतः इतरांना कितीदा तरी ऐकवलं आहे. त्यामुळे वास न येण्याचं मला जरा जास्तच भय वाटतं.

नाक-कान-घशाचे डॉक्टर इजिप्तचे होते, बोलायला फार गोड. तपासून म्हणाले, विषाणूनं वासाच्या नसा दुखावल्या आहेत. काहींच्या परत येतात, काहींच्या येत नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी हुंगायला द्या, नसांना जुनी ओळख आठवते. ‘इन्शाल्ला, इट विल कम.’

‘आई, डॉक्टर म्हणतत येतला,’ नवऱ्यानं सांगितलं.

‘तो इन्शाल्ला म्हणालो, ता माका कळला,’ सासूबाई म्हणाल्या.

इथे राहून त्यांनाही कळून चुकलं होतं. प्लंबर उद्या येईल का, पार्सल सुटेल का, लिफ्ट दुरुस्त होईल का, सगळ्याला एकच उत्तर असतं, आणि ते ऐकलं की माणसानं दुसऱ्या तयारीला लागायचं असतं.

रोज सकाळी चार छोट्या बाटल्या पुढ्यात घेऊन त्या बसायच्या. एकेक नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या, मनापासून श्वास ओढायच्या. मी चहा गाळता गाळता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. डोळे उघडून त्या मान हलवायच्या आणि झाकण नीट घट्ट लावून बाटली बाजूला ठेवायच्या. माझ्याच्यानं ते बघवत नसे.

जेवण आपण जिभेनं जेवतो असं वाटतं, पण जिभेकडे हिशेब अगदी मोजका असतो. खारट, आंबट, गोड, कडू आणि फार तर मांसामटणातला तो रसरशीतपणा. बाकी बांगड्याचं बांगडेपण, कोथिंबिरीचं कोथिंबीरपण, सगळं घशामागून नाकात जातं आणि तिथे ओळखलं जातं. सासूबाईंच्या तोंडात आता हा मोजका हिशेब तेवढा उरला होता. ‘कापूस खाल्ल्यासारखा लागता,’ त्यांनी एकदाच सांगितलं. त्यानंतर कुणी विचारलं की त्या बरा झाला हा म्हणायच्या आणि ताटातलं अर्धं बाजूला सारायच्या.

त्या वाळायला लागल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढू लागल्या. ब्लाउज मी आत घालून शिवून दिले, तेही पुन्हा ढिले झाले. साखर तपासायला नेलं तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या काट्याकडे पाहून भुवया वर केल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं की या वयात हे असं चालणार नाही. स्वयंपाकघरात तर त्या पाऊल टाकेनाशा झाल्या. मी वाटण काढत असले की पूर्वी दारात येऊन उभ्या राहायच्या. आता त्या वेळी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसत.

मग एक दिवस त्या मुलाला म्हणाल्या, ‘माका घराक धाड.’

मालवणला घर होतं, पण त्यात कुणी नव्हतं. शेजारणीनं आणून दिलं तर जेवण, आणि समोर बसायला माणूस नाही. नवरा म्हणाला, ‘आपल्या घरी गेली तर बरं वाटेल तिला. बेसिकली शी इज होमसिक.’ मी म्हणाले, ‘नाक इथं गेलंय आणि मालवणला सापडणार आहे का?’ आमची त्यावरून चांगलीच जुंपली. त्याला आईचा शब्द मोडवत नव्हता. मला भीती वाटत होती, ती सरळच सांगते. त्या तिकडे एकट्या राहून हळूहळू जेवण सोडून देतील, आणि फोनवर रोज न चुकता ‘जेवलंय’ म्हणून सांगतील, असं मला वाटत होतं. ईदच्या सुट्टीनंतरचं तिकीट काढायचं असं ठरलं. मी अजून काढू देत नव्हते, एवढंच.

मिरचीनं मला वाट दाखवली. एका दुपारी डाळभात कालवताना त्यांच्या घासात हिरव्या मिरचीचा तुकडा गेला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले, त्या घाईघाईनं ताक प्यायल्या. ‘झोमला,’ त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात मला इतक्या दिवसांत ऐकू न आलेलं काहीतरी होतं.

मिरची लागते ती चव नव्हे आणि वासही नव्हे. ते दुखणं आहे, तोंडातली स्पर्शाची आणि वेदनेची नस ते कळवते. पुदिन्याचा गारवा तीच नस कळवते. म्हणजे नाकाचं दार बंद झालं, तरी घरात शिरायला बाजूचं एक दार होतं. आता मिरच्या वाढवत नेल्या असत्या तर त्यांच्या पोटात जाळ झाला असता. पण त्याच दारानं आत येणारं आणखी एक फळ त्यांच्याच स्वयंपाकात होतं, आणि ते आठवल्यावर मी प्रयोगशाळेत बसल्या जागी टेबलावर हात आपटला.

तिरफळ म्हणजे काय हे लग्नाआधी मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसलं तरी लाजू नका. कोकणात काटेरी बुंध्याचं एक झाड असतं, लिंबाच्या कुळातलं. त्याला वाटाण्याएवढी फळं घोसानं लागतात. वाळली की उकलतात, आतली काळी चकचकीत बी टाकून द्यायची, सालं तेवढी ठेवायची. ती सालं जरा ठेचून बांगड्याच्या तिखल्यात घालतात. तिखलं म्हणजे मिरचीचं दाट लालभडक वाटण आणि आमसुलं घालून केलेलं, माशाला लपेटून बसणारं कालवण. तिरफळ खायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. पण ते आपलं काम करून गेलेलं असतं. जिभेला, ओठांना बारीक मुंग्या येतात. तिखट नाही, आंबट नाही, नुसतीच झिणझिण.

ही झिणझिण सॅनशूल नावाच्या रसायनाची. मिरचीला जाळ देणारं आणि मिऱ्याला तिखट करणारं रसायन याचंच नात्यातलं. नावात शूल असला तरी हे शूल देत नाही, उलट दाढेचा शूल बधिर करतं. स्पर्शाच्या नसेत पोटॅशियमला बाहेर पडायच्या बारीक वाटा असतात. सॅनशूल त्यातल्या काही अडवतं, आणि नस काही न घडता जागी होते, काहीतरी थरथरतंय म्हणून मेंदूला कळवत राहते. जीभ जागेवरच असते, तिला आपली भास झाल्यासारखी थरथर जाणवते. यात नाकाचा कुठे संबंधच येत नाही.

मी घरी येऊन मांडणीवरचा तिरफळाचा डबा उघडला. एक साल चघळलं. लाकडाचा भुसा. खिडकीशेजारी इथले उन्हाळे काढलेली जुनी तिरफळं होती ती. सॅनशूल नाजूक असतं, उजेडात आणि उन्हात टिकत नाही. फुजैरातल्या मल्याळी दुकानदारानं मी काय मागतेय हे समजून घेण्याचा खूप प्रयत्न केला आणि शेवटी मला जायफळ दाखवलं. शारजातल्या गोव्याच्या दुकानात फोन केला, तर नेक्स्ट वीक, इन्शाल्ला. मी दुसऱ्या तयारीला लागले.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ पुण्याहून परत येणार होते. मी आईला फोन करून सांगितलं, त्यांच्याबरोबर तिरफळ पाठव, चांगलं ताजं बघून घे, सासूबाईंसाठी हवंय. आई म्हणाली, अगं त्यात काय, आमच्या नेहमीच्या वैद्यांकडचं पाठवते. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पिशवी आली. कापडात गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला भला मोठा डबा निघाला. सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं होतं, त्यामुळे त्याही टेबलाशी येऊन बसल्या होत्या. दोरा सोडला, झाकण उघडलं. आत मातकट रंगाची भुकटी. हिरडा, बेहडा, आवळकाठी. आईनं त्रिफळा चूर्ण पाठवलं होतं.

मी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. ‘आई, तिरफळ म्हणाले मी. तिरफळ!’

‘तेच तर पाठवलंय,’ आई म्हणाली. ‘तू घाईघाईत बोलतेस म्हणून तुझ्या तोंडून तसं येतं. रात्री झोपताना कोमट पाण्यातून द्यायचं म्हणावं. चमचाभरच हं.’

मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, विहिणीशी अगदी शुद्ध मराठीत बोलल्या, आठवणीनं पाठवलंत, फार बरं झालं म्हणाल्या. आणि त्या रात्रीपासून कोमट पाण्यातून खरोखरच ते घ्यायला लागल्या. पोट स्वच्छ झालं. भूक काही आली नाही.

त्या गडबडीत चिनी मिरे माझ्या वाचण्यात आले. मिरे नावाला, खरं तर तिरफळाचंच चुलत भावंड. तेच काटेरी कूळ, तेच उकललेलं साल, तीच काळी बी टाकून द्यायची. चीनमध्ये डोंगराळ मुलखातल्या स्वयंपाकात ते मुठीनं घालतात. आपण चार सालं ठेचून भागवतो, त्यांचा सगळा कारभार त्यावर. मी नवऱ्याला म्हणाले, शनिवारी दुबईला चल. तो म्हणाला, ‘मसाला आणायला दुबई?’ पण त्यानं गाडीची किल्ली घेतली. आईचं तिकीट त्यालाही काढायचं नव्हतं, हे मला डोंगरातून बोगद्यांच्या रस्त्यानं जाताना त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं.

दुबईत एक लांबच लांब चिनी बाजार आहे, तिथे दिव्यांच्या झुंबरांपासून संडासाच्या नळांपर्यंत सगळं मिळतं. त्यात एका टोकाला वाण्याचं दुकान सापडलं. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक बाई होती. मी फोनवर चित्र दाखवल्यावर तिनं दोन बरण्या पुढे केल्या, एकीत तांबूस सालं, दुसरीत हिरवी.

‘ये लाल, ये हरा,’ ती म्हणाली. इथे सगळ्यांना हिंदी येतं. ‘हरा ज्यादा मा.’

‘मा?’

तिनं उत्तर न देता एक हिरवं साल माझ्या तळहातावर ठेवलं आणि चावायची खूण केली. पहिल्यांदा लिंबाच्या पानासारखा वास आला. मग थोडं कडवट. मग काही नाही. मी म्हणणार की हेही भुसा निघालं, तेवढ्यात जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या, त्या ओठांवर पसरल्या, आणि बघता बघता माझं अर्धं तोंड माझं राहिलं नाही. तोंडाला पाणी सुटलं. ‘मा,’ ती बाई समाधानानं म्हणाली. तिच्या भाषेत या झिणझिणीला स्वतंत्र शब्द आहे. आपल्याला मुंग्या उसन्या आणाव्या लागतात.

तिनं पोटावर हात फिरवून सांगितलं, ‘पेट ठंडा, ये गरम करता.’ मग गालावर बोट ठेवलं, ‘दाँत दर्द.’ मला गंमत वाटली. तेलकट बांगडा बाधू नये म्हणून तिरफळ, आणि दाढ दुखली की तिरफळ दाढेखाली, हे सासूबाईंचंही ठरलेलं औषध. कुणी औषधी गुण छातीठोकपणे सांगायला लागलं की मला एरवी खाज सुटते. पोटाचं मला माहीत नाही. दाढ बधिर होते हे मी तिथे उभ्या उभ्या अनुभवत होते. आणि लाळ सुटते हेही खरं होतं. सासूबाई घोट घोट पाणी पीत घास गिळायच्या, त्यांच्या कोरड्या तोंडाला तेवढं झालं तरी मला हवं होतं. हिरवी बरणी घेऊन मी गाडीत बसले. नवऱ्यालाही एक साल दिलं. ‘यल्ला, निघू या,’ म्हणायला गेला आणि बोबडा बोलला.

रविवारी सकाळी मी स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले. कल्ले उघडून लाल आहेत का पाहिले, पोट दाबून पाहिलं, त्या मल्याळी माणसाला दोन शब्द सुनावले. बेडगी मिरच्या, धणे, हळद, थोडं खोबरं असं वाटण केलं. हिरवी सालं निवडली, काळ्या बिया आणि देठ काढले, खलबत्त्यात हलकेच ठेचून थोड्या पाण्यात भिजत घातली. बांगडे शिजत आल्यावर ते पाणी सालांसकट वर ओतलं, फार आधी घातलं तर जोर जातो म्हणून. वरून कच्चं खोबरेल सोडलं. ढवळलं नाही, पातेलं धरून नुसतं हलवलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. दोनदा आशा दाखवून झाली होती, तिसऱ्यांदा दाखवायचा मला धीर नव्हता.

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. मी त्यांना तिखलं वाढलं, भात वाढला, आणि दुसरीकडे बघायचं नाटक करत बसले.

त्यांनी सवयीनं घास केला आणि तोंडात घातला. दोनदा चावला. थांबल्या. खालचा ओठ दातांनी धरला, सोडला. जीभ तोंडातल्या तोंडात फिरताना गालावरून दिसत होती. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. वाटलं, वयस्कर माणसाला सोसलं नाही बहुतेक.

‘ममा, माय लिप्स आर बझिंग!’ मुलगी ओरडली. ‘इट्स लाइक अ फोन ऑन व्हायब्रेट!’

सासूबाईंनी तिला हातानंच गप्प केलं. दुसरा घास घेतला, यावेळी रस्सा जास्त आणि भात कमी. डोळे मिटून चावला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या जुन्या नजरेनं.

‘ही आपली तिरफळा न्हय,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी थोडा रस्सा बोटानं चाटला.

‘आपला तिरफळ जिभेच्या मुळाक धरता. ह्या टोकार नाचता.’ त्यांनी एक हिरवं साल बोटांनी उचलून उजेडात धरलं. ‘बारीक पण आसा. खंयसून हाडलंस?’

‘चीनचं आहे, आई.’

‘चिनी लोक बांगडे खातत?’

‘ते काहीही खातात,’ मी म्हणाले.

‘वाटप पण जाडा रवला तुझा. दातांक लागता.’

नवऱ्यानं पुढे वाकून विचारलं, ‘आई, वास इलो?’

त्यांनी ते साल ताटाच्या कडेला ठेवलं. ‘नाय रे,’ त्या म्हणाल्या, तक्रार न करता. ‘वास नाय इलो. पण तोंडात कायतरी आसा, ता कळता.’ आणि त्यांनी पुढचा घास केला. त्यानंतरचाही केला. बांगड्याचा काटा त्यांनी नेहमीसारखा एका हातानं अख्खाच्या अख्खा ओढून काढला. मी माझं जेवण विसरून ते बघत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की वाटणाचं बोलणं मनाला लागायचंही राहून गेलं.

ताटातला भात संपला. त्यांनी बोटांनी ताट निपटलं आणि विचारलं, ‘भात आसा काय गो आजून?’

मी पातेल्याचं झाकण उचललं. भात नव्हता. त्या जेवेनाशा झाल्यापासून माझ्या हातानं त्यांच्या वाटणीची मूठ धरणं कधी सोडून दिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. नवऱ्यानं आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं, माझ्यातला घे म्हणाला. त्यांनी ते परत सारलं.

‘घाल तांदूळ,’ त्या मला म्हणाल्या. ‘मी बसतंय.’

मी तांदूळ धुतले. दोन मुठी पुरे होत्या, मी चांगल्या भरघोस घातल्या. सगळ्यांची जेवणं झाली, मुलगी उठून गेली, नवरा हात धुऊन पुन्हा येऊन खुर्चीवर बसला. सासूबाई उठल्या नाहीत. उजव्या हातावरचा रस्सा वाळून गेला होता, तो हात त्यांनी ताटावर तसाच धरला होता, आणि उरलेल्या अर्ध्या बांगड्याला कुणी हात लावू नये म्हणून डाव्या हातानं ताटाची कड धरून ठेवली होती. मधूनच ओठांवरून जीभ फिरवत होत्या आणि कुकरकडे बघत होत्या. वाफ जिरल्यावर मी झाकण काढलं, आणि त्यांनी ताट पुढे केलं.